घाबरलेल्या माणसाचं चॅपेल

कपारीतून बाहेर आल्यावर आई म्हणाली, "घाबरला होता गं बिचारा. म्हणून डोंगराने घेतला त्याला." स्वेटरच्या बाहीला लागलेला ओलावा तिने पदराने टिपला आणि मागे थांबलेल्या कुटुंबाला वाट करून देत ती दाराकडे सरकली. सेंट गोवनची गोष्ट गाडीत येताना मीच तिला सांगितली होती. सहाव्या शतकातला आयरिश साधू, मागे लागलेले समुद्री चाचे, कडा दुभंगला, साधू आत शिरला, कडा मिटला, चाचे हात हलवत परत गेले. देवाने आपल्या भक्ताला वाचवलं, अशा सुरात मी ती सांगितली होती. घाबरण्याचा शब्द माझ्या तोंडून आलाच नव्हता. संत म्हटला की त्याने घाबरायचं नसतं, हे आपण धरूनच चालतो. त्या अरुंद फटीत जेमतेम मिनिटभर उभं राहून आईने नेमका तोच शब्द काढला, आणि तो कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून जाईना.

वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाला, पेम्ब्रोकशरमध्ये, बॉशरस्टन नावाच्या लहानशा गावाच्या पुढे रस्ता संपतो तिथे गाडी लावायची. समोर सपाट गवताळ सडा, वारा, आणि सड्याच्या कडेला एकदम आभाळ. सेंट गोवनचं चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, कुठेच दिसत नाही. कडेपर्यंत चालत गेलं की जमिनीत एक खाच दिसते आणि त्या खाचेतून दगडी पायऱ्या खाली उतरतात. पायऱ्या म्हणायच्या म्हणून. काही घडवलेल्या, काही कातळातच निघालेल्या, काहींचे मधले भाग इतके झिजलेले की पाऊल नेमकं कुठे टाकायचं ते आधीच्या माणसांनी ठरवून ठेवलं आहे. या पायऱ्या उतरताना मोजल्या तर एक आकडा येतो आणि चढताना मोजल्या तर दुसरा, अशी तिथली जुनी समजूत आहे. कुणी बावन्न सांगतं, कुणी सत्तरच्या पुढे जातं. माझ्या मुलाने मोठ्याने मोजत उतरून आणि धापा टाकत मोजत चढून पाहिलं. आकडा जुळला नाही आणि त्याचा आनंद दिवसभर टिकला. खरं तर कुठल्या दगडाला पायरी म्हणायचं आणि कुठल्याला नाही, हे उतरताना पाय ठरवतात आणि चढताना गुडघे. आई एकेक पायरी आडवं पाऊल टाकत उतरली. एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा कातळावर. मध्येच थांबून म्हणाली, "हरिहरेश्वरसारखं आहे."

खरंच तसं होतं, आणि हे मला आधी सुचलं नव्हतं. श्रीवर्धनकडच्या आमच्या लोकांना हरिहरेश्वरची प्रदक्षिणा काही नवी नाही. देवळामागून वर चढायचं, मग दोन उभ्या कातळांच्या चिरेतून पायऱ्यांनी थेट समुद्रावर उतरायचं, आणि ओहोटी असेल तरच लाटांच्या बाजूने वळसा घालून परत यायचं. पायऱ्या उतरताना दोन्ही बाजूंनी खडक जवळ येत जातो, वाऱ्याचा आवाज बंद होतो आणि खालून समुद्राचा घुमारा वर येतो. लहानपणी मला तिथे नेहमी थोडी भीती वाटायची आणि त्या भीतीसाठीच मी पुन्हा पुन्हा जायला मागायचे. इथेही उतरताना तेच. वरचा वारा एका पायरीवर असतो आणि पुढच्या पायरीवर नसतो.

आणि मग पायऱ्या चॅपेलच्या अंगावरच येऊन संपतात. भिंतीच्या भेगेत चिंधी कोंबून ठेवावी तसं ते दोन कड्यांच्या मध्ये बसलेलं आहे. भिंती त्याच चुनखडकाच्या, त्यामुळे कडा कुठे संपतो आणि माणसाचं बांधकाम कुठे सुरू होतं हे पटकन कळत नाही. आत एकच खोली, सुमारे २० फूट लांब आणि १२ फूट रुंद. आपल्याकडच्या मध्यम घराचं माजघर याहून मोठं असेल. आज उभं आहे ते बांधकाम बहुतांशी तेराव्या शतकातलं मानतात. जागेचं पावित्र्य मात्र त्याहून कितीतरी जुनं. आपण महाराष्ट्रातले लोक डोंगर पोखरून केलेली लेणी बघत वाढलेले. इथे कुणी काही पोखरलेलं नाही. फट निसर्गाचीच होती, माणसांनी फक्त तिच्या तोंडाशी खोली बांधली. तिकीट नाही, कुलूप नाही, रखवालदार नाही. वर छोटासा घंटेचा मनोरा आहे आणि त्यात घंटा नाही.

आत शिरताना वाकावं लागतं. शिरल्याबरोबर अंगावर येतो तो गारवा, आणि त्यात एक वास: ओला दगड, मीठ, कुणीतरी विझवून गेलेल्या मेणबत्तीचा. डोळे सरावले की एका बाजूला दगडी वेदी दिसते, हात धुण्यासाठी भिंतीत केलेलं छोटं कुंड दिसतं, बसायला दगडी कट्टा दिसतो. खिडकी लहान आहे. तिच्यातून समुद्राचा इतका छोटा तुकडा दिसतो की लाट कुठून आली आणि कुठे फुटली हे कळत नाही, मधली हालचाल तेवढी कळते. मी त्या कट्ट्यावर बराच वेळ बसले होते. आत जो समुद्र ऐकू येतो तो बाहेरच्या समुद्रासारखा नाही. बाहेर लाट फुटते, ओसरते, पुन्हा येते. आत मात्र हे सगळं मिसळून एक सलग खर्ज लागलेला असतो आणि तो कानांपेक्षा पाठीला जास्त जाणवतो, कारण पाठ भिंतीला टेकलेली असते.

वेदीच्या शेजारून कड्याच्या आत जायची वाट आहे, तीच ती कपार. एका माणसाने आत जायचं आणि तेही अंग चोरून. खडकाचा पृष्ठभाग तिथे गुळगुळीत झाला आहे. शतकानुशतकं माणसांची अंगं घासून घासून दगडाला एक तेलकट चमक आली आहे. त्यावर आडव्या वळ्या आहेत. त्या गोवनच्या बरगड्यांच्या खुणा, असं सांगतात. कडा त्याच्याभोवती इतका घट्ट मिटला की त्याच्या छातीचा ठसा दगडावर उठला. भूगोल शिकवणारा माणूस याचं वेगळं कारण सांगेल आणि ते बरोबरच असेल, पण त्या वळ्यांवर हात ठेवला की बोटं आपोआप एकेका खाचेत बसतात, आणि तेवढ्यापुरतं भूगोलाचं काही चालत नाही. तिथे एक रीत आहे. कपारीत उभं राहून मनात इच्छा धरायची आणि जागच्या जागी वळायचं. वळून होईपर्यंत मन बदललं नाही तर इच्छा पुरी होते. मला ही अट फार शहाण्या माणसाने घातलेली वाटते. एवढ्याशा जागेत वळायला वेळ लागतो, खांदा अडतो, कोपर घासतं, आणि तेवढ्या अवधीत माणसाचं मन किती वेळा बदलू शकतं हे आत गेल्याशिवाय कळत नाही.

आई आत गेली ती बराच वेळ वळलीच नाही. कातळाकडे तोंड करून, दोन्ही तळवे त्यावर टेकवून उभी होती.

काय मागितलंस हे विचारायचं नसतं, म्हणून विचारलं नाही.

गोवन कोण होता याबद्दल एकमत नाही. परंपरा म्हणते, आयर्लंडमधला एक मठाधिपती, गुरूच्या मुलखातल्या माणसांना भेटायला उतारवयात समुद्र ओलांडून वेल्सला आला, चाच्यांनी गाठलं, कड्याने वाचवलं, आणि मग तो इथेच राहिला. मासे पकडून, झऱ्याचं पाणी पिऊन. मृत्यू ५८६ सालचा सांगतात, आणि वेदीखालीच त्याला पुरलं असंही. दुसरे म्हणतात, हा संतबिंत नव्हताच, राजा आर्थरचा सरदार गॉवेन इथे येऊन विरक्त झाला. तिसऱ्यांचं म्हणणं याहून वेगळं: ती बाई होती, कोफेन नावाची, ग्लॅमॉर्गनच्या एका राजाची बायको. साधू, सरदार किंवा राणी. माणूस कोण ते ठरत नाही, पण त्याने काय केलं याबद्दल कुणाचं दुमत नाही. तो लपला. इतर संतांच्या गोष्टी आठवून पाहिल्या. सापांना पळवून लावणारे, राजांना दोन शब्द सुनावणारे, मारेकऱ्यांपुढे मान तुकवून उभे राहणारे. ज्याच्या नावावर लपण्याचीच एक गोष्ट आहे आणि तेवढ्यावर ज्याला संत म्हटलं गेलं, असा दुसरा मला तरी पटकन आठवत नाही. घंटेची म्हणून एक गोष्ट आहे, पण तीही पुन्हा भीतीचीच. चाचे आले की गावाला सावध करायला गोवनकडे चांदीची घंटा होती. चाच्यांनी ती पळवली, देवदूतांनी परत आणली, आणि पुन्हा चोरीला जाऊ नये म्हणून एका खडकात बंद करून टाकली. तेव्हापासून त्या खडकावर आघात केला की घंटेपेक्षा हजारपट मोठा नाद उठायचा म्हणे. इथे घंटासुद्धा दगडात लपवावी लागली.

हे चाचे काही गोष्टींत आयर्लंडचे असतात, काहींत लंडी बेटावरचे. लंडी म्हणजे समोर दक्षिणेला, पन्नासेक किलोमीटरवर, हवा स्वच्छ असली की क्षितिजावर दिसणारी एक करडी पट्टी. आता गंमत बघा. सहाव्या शतकातली ही गोष्ट, आणि चॅपेल बहुतांशी तेराव्या शतकातलं. त्याच तेराव्या शतकात लंडीवर विल्यम द मारिस्को नावाचा माणूस ठाण मांडून बसला होता. राजा तिसऱ्या हेन्रीच्या खुनाच्या कटाचा त्याच्यावर आरोप होता, आणि येणारीजाणारी गलबतं लुटणं हा त्याचा उद्योग. शेवटी १२४२ साली त्याला बेटावर पकडलं आणि लंडनला नेऊन अत्यंत क्रूरपणे मारलं. म्हणजे इथले गवंडी दगड रचत होते त्या शतकात समोरच्या क्षितिजावरून खरोखरचे चाचे येत होते. माझा तर्क असा की त्या लोकांनी आपली भीती सातशे वर्षं मागे नेऊन गोवनच्या गोष्टीत ठेवली असावी. आपलं भय आपलं म्हणून सांगणं अवघड जातं, संताचं म्हणून सांगितलं की सगळे बसून ऐकतात. त्यांनी तेवढ्यावर न थांबता त्या फटीसमोर खोली बांधली. किनाऱ्यावर शिडं दिसली की पळून यायला जागा हवी, असं रोज वाटणाऱ्या माणसांनी ते बांधलं असेल, हे एकदा मनात आलं आणि त्या भिंतींची जाडी मला वेगळीच दिसायला लागली.

चॅपेलच्या खाली, समुद्राच्या बाजूला, दगडी झाकण असलेली एक छोटी विहीर आहे. विहीर म्हणजे हातभर खोल कुंडच. आता कोरडं आहे. एके काळी डोळ्यांच्या, कातडीच्या, सांध्यांच्या दुखण्यावर इथलं पाणी औषध मानायचे. चुनखडक झिजून कड्यावर जी तांबडी चिकणमाती होते तिचा लेप डोळ्यांवर लावून माणसं तासन्‌तास उन्हात पडून राहायची. आईला मी ते सांगितलं तेव्हा तिने खडकाच्या खोबणीतली चिमूटभर माती उचलून बोटांत चोळून पाहिली. "आपल्यापेक्षा चिकट आहे," म्हणाली. आपला जांभा वेगळा, हा खडक वेगळा. हा समुद्रातल्या जिवांच्या शिंपल्या-सांगाड्यांचा थर, तेहतीस-पस्तीस कोटी वर्षांपूर्वीचा. नीट बघितलं तर कड्यावर कमलपुष्पांच्या देठांसारख्या गोल चकत्या दिसतात, त्या तेव्हाच्या जिवांच्या. चुनखडक पावसाच्या पाण्यात विरघळतो. उभ्या सांध्यांत पाणी शिरतं, सांधा रुंदावतो, खालून समुद्र पोखरतो, आणि कडा चिरत जातो. गोवनसाठी कडा दुभंगला हे एका परीने खरंच आहे, फक्त त्याला एका क्षणाऐवजी लाखो वर्षं लागली. आणि तो अजून दुभंगतोच आहे. इथून पश्चिमेला काही मैलांवर ग्रीन ब्रिज ऑफ वेल्स नावाची निसर्गाने घडवलेली प्रचंड दगडी कमान समुद्रात उतरते. ऑक्टोबर २०१७ च्या वादळात तिचा समुद्राकडचा बराच भाग ढासळला. लाखो वर्षं टिकलेला दगड दुपारी होता आणि नंतर नव्हता.

या किनाऱ्याची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चॅपेलकडे येणारा रस्ता लष्कराच्या हद्दीतून येतो. कॅसलमार्टिनचा हा सुमारे ५,९०० एकरांचा मुलूख रणगाड्यांच्या गोळीबाराच्या सरावासाठी आहे. सराव असला की लाल बावटे लागतात, फाटक बंद होतं आणि संतापर्यंत जाता येत नाही. यायच्या आधी गोळीबाराचं वेळापत्रक बघावं लागतं, तसं आम्ही बघितलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर लष्कराने ही जमीन घेतली तेव्हा इथे शेतं होती, घरं होती, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कुटुंबं होती. युद्धानंतर काही वर्षं शेती परत आली, आणि कोरियाच्या युद्धाच्या काळात, १९५१ मध्ये, लष्कर पुन्हा आलं ते कायमचं. १९६१ ते १९९६ पर्यंत तर इथे जर्मन रणगाडा-दलं सरावाला यायची. ज्यांच्याशी लढायला जमीन घेतली त्यांनाच. याचा एक परिणाम असा की इथे हॉटेलं उठली नाहीत, बंगले झाले नाहीत. गवतात रानफुलं आहेत, लाल चोचीचे आणि लाल पायांचे चफ पक्षी कड्यांवर घरटी करतात, पुढच्या सुळक्यांवर वसंतात समुद्रपक्ष्यांची दाटी होते. माझ्या मनाला हे दोन्ही एकदम पेलत नाही. हा किनारा इतका देखणा राहिला याचा आनंद होतो, आणि तो कुणाला उठवून राहिला हे माहीत असताना आनंद व्हावा याचं वाईट वाटतं. उठवलेल्या त्या माणसांच्या घरांसाठी कुठला कडा उघडला नाही.

चॅपेलपासून पश्चिमेला थोडं चाललं की कड्यात एक खोल, अरुंद चीर येते. हंट्समन्स लीप. गोष्ट अशी की एक शिकारी घोडा भरधाव सोडून येत होता, चीर दिसली तेव्हा थांबणं शक्य नव्हतं, घोड्याने झेप घेतली आणि दोघंही सुखरूप पलीकडे गेले. मग तो परत बघायला आला, आपण काय ओलांडलं ते त्याने वाकून पाहिलं, आणि भीतीने तिथेच मेला. मी आईला कडेपासून लांब उभं केलं आणि ही गोष्ट सांगितली. ती लगेच काही बोलली नाही. खाली समुद्र दोन भिंतींच्या मध्ये शिरून घुसळत होता, त्याचा आवाज उशिरा वर पोचत होता. मग म्हणाली, "होतं तसं. वेळेला माणूस करून जातो. नंतर पाय कापतात."

तिथे मला ३ जून २०२० आठवला.

त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर हा सगळा पट्टा त्याच्या वाटेत होता. ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरचा वारा, भर दुपार, आणि वर टाळेबंदी. आई घरात एकटी होती. बाबा जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. सकाळी फोन लागला होता. कौलांवर दोर टाकून घेतलेत, पाणी भरून ठेवलंय, मेणबत्त्या आहेत, असं तिने सांगितलं. दुपारी लागेना. मग विजेचे खांब पडल्याच्या, टॉवर पडल्याच्या बातम्या. मी इथे ब्रिटनमध्ये घड्याळात साडेचार तास वजा करत बसले होते. तिचा आवाज पुन्हा कानावर पडला तेव्हा तो अगदी नेहमीचा होता. अर्धी कौलं गेली, फणस पडला, पोफळीच्या वाडीत बघवत नाही, पण मी ठीक आहे. मग पत्रे कुठून मिळवायचे, पंचनामा कधी होईल, यावर आम्ही बोलत राहिलो. पुढच्या वर्षांत त्या वादळाचा विषय कितीदा निघाला, आणि दर वेळी तो वाडीबद्दल, घराबद्दल, नुकसानभरपाईबद्दल असायचा. मधले जे काही तास होते त्यांत ती स्वतः कुठे होती, काय करत होती, हे तिच्या बोलण्यात कधी आलं नाही.

गोवनच्या गोष्टीतलं एक अंग मला त्या दिवशी, गाडीकडे परत जाताना, पहिल्यांदाच दिसलं. कडा उघडला आणि मिटला याला साक्षीदार कोण? चाच्यांना फक्त रिकामा किनारा दिसला असणार. गावकरी आपापल्या जागी दडलेले. आत काय झालं, दगड किती घट्ट मिटला, बरगड्यांना तो कसा लागला, बाहेरचे आवाज थांबेपर्यंत कसं उभं राहावं लागलं, हे एकाच माणसाला माहीत होतं. म्हणजे गोष्ट खरी असो की रचलेली, ती जर कुठून सुरू झाली असेल तर त्याच्यापासूनच. नंतर केव्हातरी, कुणी भाकरी घेऊन आलं असेल, कुणी मासे मागायला आलं असेल, तेव्हा त्या म्हाताऱ्याने सांगितलं असेल की मी पळालो, मी या फटीत शिरलो, मी श्वास धरून उभा होतो. मठाधिपती माणूस. त्याला दुसरं काहीही सांगता आलं असतं. प्रार्थना करत होतो म्हणून त्यांनी मला पाहिलं नाही, असंही चाललं असतं, कुणी शंका घेतली नसती. त्याने हे सांगितलं, आणि ऐकणाऱ्यांनीही त्याला हसण्याऐवजी ती जागा जपली, पायऱ्या केल्या, भिंती उभारल्या. मला वेदीपेक्षा, घंटेपेक्षा, बरगड्यांच्या ठशांपेक्षाही तो एक सांगण्याचा आणि ऐकण्याचा क्षण मोठा वाटतो.

आम्ही जवळच एक छोटं घर दोन रात्रींसाठी घेतलं होतं. जेवणं झाली, मुलगा झोपला. आई गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. पायऱ्यांनी आपला हिशेब घेतला होता. मी तिला विचारलं, "निसर्गच्या दिवशी तू कुठे होतीस? म्हणजे घरात, नेमकी कुठे?"

तिने लगेच सांगितलं. इतकं लगेच, की ती या प्रश्नाची वाट बघत असावी.

"बाळंतिणीच्या खोलीत." आमच्या घरात माजघराच्या मागे ही खोली आहे. खिडकी नाही, भिंती मातीच्या आणि हातभर जाड. माझा जन्म तिथलाच. आता तिथे जुना पेटारा, रिकामे डबे आणि पावसाळ्यातली लाकडं असतात. आई सांगत गेली. आधी माडांचा आवाज बदलला. झावळ्यांचा सळसळाट थांबला आणि शिट्टीसारखं काहीतरी सुरू झालं. मग कौलं जायला लागली, आधी एकेक, मग ओळीने. ती माजघरातून देवघरात गेली, देवघरावरचं छप्पर हललं तेव्हा मागच्या खोलीत गेली आणि पेटारा व भिंत यांच्यामध्ये शिरली. नेहमीचं स्तोत्र म्हणायला घेतलं, पण दुसऱ्या ओळीच्या पुढे आठवेचना. रोज सकाळी म्हणते ते. मग नुसती भिंतीला चिकटून बसली. तोंड भिंतीकडे. दाराकडे बघवत नव्हतं. भिंत गार होती, आणि बाहेर झाड पडलं की आवाजाच्या आधी भिंतीतून कळायचं. "फणस पडला तो मला पाठीत कळला," ती म्हणाली.

"किती वेळ बसलीस?"

"घड्याळ कुठे बघतेय. शेजारच्या काकूंनी हाका मारल्या तेव्हा मी ओ दिली, पण आवाज येईना त्यांना. माझाच आवाज फुटत नव्हता. त्यांना वाटलं, गेली मी." काकूंच्या मुलाने कोयत्याने फांद्या तोडून वाट केली आणि आत आला. आईला उभं राहता येईना, पाय बधिर झाले होते. त्याने तिला उचलून ओटीवर आणलं. वर बघितलं तर ओटीवर आभाळ.

"मला का नाही सांगितलंस हे?"

"फोनवर काय सांगायचं? रेंज येते, जाते. हे असं समोर बसल्यावर सांगायचं असतं." तिने तेलाची बाटली बंद केली आणि पाय लांब केले. मग पोफळींचं सांगायला घेतलं. विहिरीकडच्या ओळी साफ आडव्या झाल्या, वईलगतच्या थोड्या राहिल्या. रोठा सुपारीची नवी रोपं लावली आहेत, दोन उन्हाळे शेजारच्या मुलाने पाणी घातलं, त्यातली काही धरली, काही गेली, आणि फळ यायला अजून चार-पाच वर्षं तरी आहेत.